तंत्रिका वैद्यकाचे पदवीपूर्व शिक्षण

मेंदू, मेरुरज्जू, परिघीय तंत्रिका (मज्जातंतू) आणि स्नायू यांच्या विकारांचे निदान व औषधोपचार हा ज्या शाखेचा विषय आहे, तिला तंत्रिका वैद्यक म्हणतात. वैद्यकाच्या पदवी परीक्षेसाठी हा स्वतंत्र विषय नसून त्याचा समावेश सामान्य वैद्यकात होतो. विद्यार्थी काही आठवडे रुग्णकक्षात राहून तो शिकतो. ह्या पाळीला ‘पोस्टिंग’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. एवढ्या थोड्या अवधीत काय शिकवावे, हा प्रश्न शाखेच्या जन्मापासून वादाचा आहे. महानगरातील सुसज्ज रुग्णालयात त्याचे उत्तर एक असते आणि बीडसारख्या जिल्ह्यात दुसरे असू शकते. ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालये निघाल्यानंतर महाराष्ट्रात ह्या प्रश्नाला नवा अर्थ आला.

रुग्णशय्येजवळील परीक्षेचा उदय : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही शाखा इंग्लंड, फ्रान्स व जर्मनी येथे आकारास आली. लंडन येथे जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन (१८३५–१९११) व विल्यम गॉवर्झ (१८४५–१९१५) आणि पॅरिस येथे झां मार्तां शार्को (१८२५–९३) यांनी रुग्णाच्या लक्षणांवरून विकृतीचे स्थान ठरविण्याची पद्धत रूढ केली. गुडघ्याचा प्रतिक्षेप १८७५ मध्ये एर्प व व्हेस्टफाल यांनी स्वतंत्रपणे वर्णिला. कटिवेध करून मस्तिष्क-मेरुद्रव काढण्याची रीत क्विंके यांनी १८९१ मध्ये प्रचारात आणली आणि तळपायाच्या प्रतिक्षेपातील अंगठ्याची ऊर्ध्वगती बाबिन्स्की यांनी १८९६ मध्ये दाखवून दिली. मेंदूची प्रतिमा जिवंतपणी दाखविणारा सीटी स्कॅन १९७१ मध्ये प्रथम वापरला गेला. त्यापूर्वीच्या जवळजवळ शतकभराच्या काळात हातोडी, टाचणी, कापूस, नादकाटा आणि विजेरी ह्या साधनांवर निदानाची मुख्य भिस्त होती. अशा साध्या साधनांनी केलेले निदान पुढे शवविच्छेदनात पडताळून पाहता येई. त्यामुळे विकृती कोठे आहे आणि ती कोणत्या स्वरूपाची आहे, हे दोन प्रश्न याच क्रमाने विचारण्याची शिस्त शाखेला लागली व आजही तीच तिच्या अध्यापनाचा कणा आहे.

महाराष्ट्रातील प्रारंभ : मुंबई येथे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ मध्ये सुरू झाले आणि १८५१ मध्ये त्याचे पहिले विद्यार्थी उत्तीर्ण झाले. त्यांपैकी भाऊ दाजी लाड यांनी पुढे कुष्ठरोगावरील वनस्पतिज औषधाचे प्रयोग केले. ग्रे यांच्या शरीररचनाशास्त्रावरील ग्रंथाची (१८५८) चित्रे काढणारे हेन्री व्हॅन्डाइक कार्टर (१८३१–९७) ह्याच महाविद्यालयात शरीररचना व शरीरक्रिया हे विषय शिकवीत. कुष्ठरोगात तंत्रिकांत होणाऱ्या बदलांचा त्यांनी अभ्यास केला आणि १८७४ मध्ये ह्या रोगावर ग्रंथ प्रसिद्ध केला. तंत्रिका वैद्यक ही स्वतंत्र शाखा भारतात अस्तित्वात येण्याच्या फार आधी, ह्या प्रदेशात सर्वत्र आढळणाऱ्या एका तंत्रिकाविकाराचे अध्ययन येथे सुरू झाले होते, ही गोष्ट लक्षणीय आहे.

शाखेची संघटित वाढ मात्र स्वातंत्र्यानंतरची आहे. जेकब चँडी यांनी १९४९ मध्ये वेल्लोर येथे तंत्रिका शस्त्रक्रियेचे काम सुरू केले. चँडी, बी. राममूर्ती, एस. टी. नरसिंहन व बलदेव सिंग यांच्या पुढाकाराने १९५१ मध्ये न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. मुंबईत राजे एडवर्ड स्मारक रुग्णालयात ई. पी. भरुचा यांनी ह्या विषयाच्या अध्यापनास आकार दिला. लंडन येथे प्रशिक्षण घेऊन १९५७ मध्ये परतलेले नोशिर हो. वाडिया (१९२५–२०१६) यांनी जमशेटजी जिजीभाई रुग्णालय व ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय येथे हा विभाग उभारला. वाडिया यांचे संशोधन पदवीपूर्व शिक्षणाच्या दृष्टीने बोधप्रद आहे. चालताना तोल जाण्याचा आनुवंशिक विकार असलेल्या काही भारतीय कुटुंबांतील रुग्णांची नजर एका वस्तूवरून दुसरीकडे वळताना फार सावकाश वळते, हे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने १९७१ मध्ये नोंदविले. ह्या निरीक्षणासाठी कोणत्याही मोठ्या उपकरणाची गरज नव्हती. रुग्णाच्या डोळ्यांकडे पुरेसा वेळ पाहणे एवढेच आवश्यक होते. ह्या विकाराचे जननिक कारण समजण्यास त्यानंतर पंचवीस वर्षे लागली.

मराठवाडा व अंबाजोगाई : निजामाच्या राज्यात हैदराबाद येथे १८४६ मध्ये वैद्यकीय शाळा निघाली होती, परंतु मराठवाड्यातील पहिले वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये औरंगाबाद (सध्याचे छत्रपती संभाजीनगर) येथे स्थापन झाले. त्याच वर्षी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाला. पुढे १९७४ मध्ये बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई येथे राज्य शासनाने ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ (१९०३–७२) यांचे नाव त्यास देण्यात आले. निजामाच्या काळात मोमिनाबाद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ह्या गावी स्वामीजींनी शिक्षक म्हणून काम केले होते. वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथे १९६९ मध्ये महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन झाली होती. ग्रामीण भागातच डॉक्टर घडवावा, ही दोन्ही संस्थांमागील कल्पना होती.

ह्या कल्पनेस अखिल भारतीय पार्श्वभूमी होती. भोर समितीने १९४६ च्या अहवालात समाजाच्या गरजा जाणणाऱ्या ‘मूलभूत डॉक्टर’चा पुरस्कार केला होता. श्रीवास्तव गटाने १९७५ मध्ये वैद्यकीय शिक्षण रुग्णालयाच्या भिंतींआड कोंडले गेल्याची टीका केली आणि १९७७ मध्ये महाविद्यालयांना ग्रामीण आरोग्य केंद्रांशी जोडणारी पुनर्रचना योजना सुरू झाली. तंत्रिका वैद्यकाची पाठ्यपुस्तके मात्र बहुतांशी ब्रिटिश व अमेरिकन होती. तेथील रुग्णालयांत वारंवार दिसणारे रोग त्यांत विस्ताराने येत, तर सर्पदंश, धनुर्वात व क्षयजन्य मस्तिष्कावरणशोथ यांना थोडी जागा मिळे. परीक्षेत दुर्मिळ विकृती ओळखणारा विद्यार्थी हुशार ठरे. तोच विद्यार्थी प्राथमिक आरोग्य केंद्रात नेमला गेला की पहिल्या पावसाळ्यातच त्याच्यासमोर निराळे रुग्ण येत.

वृत्तांत घेण्याची भाषा : तंत्रिकाविकाराचे अर्धे निदान रुग्णाच्या वृत्तांतातून होते, असे शिक्षक सांगतात. विद्यार्थी विषय इंग्रजीत शिकतो आणि वृत्तांत मात्र मराठीत, दखनी उर्दूत किंवा लमाणांच्या गोरमाटी बोलीत ऐकतो. बीड भागात अर्धांगघात झालेल्या रुग्णाचे नातेवाईक ‘अंगावरून वारं गेलं’ असे म्हणतात. अपस्मारास फेफरे, मिरगी, आकडी किंवा फिट ही नावे आहेत. ‘मुंग्या येतात’ आणि ‘पाय बधिर पडतो’ यांतील फरक विद्यार्थ्यास उमगला पाहिजे. ‘चक्कर येते’ ह्या दोन शब्दांत भोवती सर्व फिरणे, तोल जाणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे आणि नुसता अशक्तपणा हे चारही अर्थ दडलेले असू शकतात. वाचाघाताची परीक्षा रुग्णाच्या मातृभाषेतच घ्यावी लागते. अन्यथा परकी भाषा न समजणारा धडधाकट मनुष्य रोगी ठरतो.

भारतीय शिक्षकांनी रोजच्या जीवनातील कृतींवर आधारलेले प्रश्न तयार केले आणि ते परदेशी पाठ्यपुस्तकांतील प्रश्नांपेक्षा अधिक उपयुक्त ठरले. चालताना पायातील चप्पल निसटते काय, हा त्यांपैकी सर्वपरिचित प्रश्न होय. चप्पल निसटल्याचे रुग्णास कळत असेल, तर पायाच्या पुढील भागातील स्नायू दुर्बल असण्याचा संभव अधिक. न कळता ती मागे राहत असेल, तर संवेदना नष्ट झाल्याची शंका घ्यावी लागते. उकिडवे बसल्यावर हाताचा आधार घेतल्यावाचून उठता न येणे हे मांड्यांच्या व कटिभागाच्या स्नायूंच्या दुर्बलतेचे लक्षण आहे. डोक्यावर घागर चढविता न येणे हे खांद्याच्या, तर भाकरी थापता किंवा गुंडी लावता न येणे हे हाताच्या लहान स्नायूंच्या दुर्बलतेचे निदर्शक होय. तोंडावर पाणी मारताना डोळे मिटताच तोल जात असेल, तर मेरुरज्जूच्या मागील स्तंभांतून जाणारी स्थितिसंवेदना बिघडलेली असते. जीवनसत्त्व ब१२ च्या न्यूनतेत हे लक्षण आढळते. ते वेळीच ओळखल्यास इंजेक्शनांनी विकाराची वाढ थांबते व बराचसा भाग भरून निघतो. उशीर झाल्यास अपंगत्व कायम राहते.

परीक्षेचा क्रम : वृत्तांतानंतर शुद्धी व वाचा, बारा कर्पर तंत्रिका, स्नायूंचा ताण व शक्ती, प्रतिक्षेप, संवेदना, निमस्तिष्काची कार्ये आणि शेवटी चाल अशा क्रमाने तपासणी करतात. संपूर्ण परीक्षेस बराच वेळ लागतो आणि बाह्यरुग्ण विभागातील गर्दीत तो मिळत नाही. म्हणून विद्यार्थ्याने पाळीच्या आरंभी ती अनेक रुग्णांवर पूर्ण करावी व अखेरीस काही मिनिटांत होणारी संक्षिप्त परीक्षा आत्मसात करावी, असा क्रम योग्य मानतात. निरोगी व्यक्तीचे प्रतिक्षेप पुष्कळ वेळा पाहिल्याशिवाय विकृत प्रतिक्षेप ओळखता येत नाहीत. डोळ्याच्या आतील पडदा पाहण्याचे कौशल्य अनेक विद्यार्थी टाळतात; परंतु कवटीतील दाब वाढल्याचे चिन्ह तेथे दिसते आणि कटिवेध करण्यापूर्वी ते पाहणे आवश्यक असते. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडलेल्या रुग्णास कपाळावर आठ्या घालावयास सांगणे ही क्षणभराची कृती आहे. त्या बाजूस आठ्या पडत नसतील, तर विकृती सामान्यतः चेहऱ्याच्या तंत्रिकेत असते. पडत असतील, तर ती मेंदूत असण्याचा संभव अधिक.

जिल्ह्यातील महत्त्वाचे विकार : (१) मण्यार हा साप रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावतो. दंश बहुधा वेदनारहित असतो आणि खूणही दिसतेच असे नाही. पहाटे पोटात दुखणे, मग पापण्या जड होणे, गिळता न येणे व अखेरीस श्वसनाचे स्नायू लुळे पडणे असा क्रम असतो. पूर्ण अंगघात झालेला असा रुग्ण हाक मारली असता प्रतिसाद देत नाही व त्याच्या बाहुल्याही प्रकाशाने आकुंचन पावत नाहीत. पण त्याची शुद्धी शाबूत असू शकते. त्यास मृत किंवा मेंदू निकामी झालेला समजणे ही प्राणघातक चूक होय. प्रतिविष देऊन श्वासोच्छ्वास कृत्रिम रीतीने चालू ठेवल्यास तो पूर्ण बरा होऊ शकतो. म्हणून पापणी खाली येणे हे लक्षण ओळखणे आणि पिशवीने श्वास देणे ह्या दोन गोष्टी प्रत्येक विद्यार्थ्यास आल्याच पाहिजेत.

(२) कापूस व इतर पिकांवर फवारावयाच्या ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशकांमुळे होणाऱ्या विषबाधेत बाहुल्या सुईच्या टोकाएवढ्या लहान होतात, लाळ व घाम सुटतो आणि ॲट्रोपीन द्यावे लागते. एक ते चार दिवसांनंतर, रुग्ण सुधारत आहे असे वाटत असताना, मानेचे व श्वसनाचे स्नायू दुर्बल होऊ शकतात. श्रीलंकेतील डॉक्टरांनी १९८७ मध्ये ह्या अवस्थेचे स्वतंत्र वर्णन केले. उशीवरून डोके उचलता येते का, हे रोज पाहणे हाच तिचा सुगावा लागण्याचा सोपा मार्ग आहे.

(३) क्षयजन्य मस्तिष्कावरणशोथाची सुरुवात बारीक ताप, डोकेदुखी व वागण्यातील बदल यांनी होते. अनेक कुटुंबांत हा बदल बाहेरची बाधा मानली जाते. शुद्धी हरपण्यापूर्वी उपचार सुरू झाल्यास परिणाम बराच चांगला असतो. त्यामुळे संशय बळकट असल्यास खात्रीची वाट न पाहता औषधे सुरू करतात.

(४) कुष्ठरोगाचे प्रमाण भारतात २००५ च्या अखेरीस दर दहा हजारांत एकापेक्षा खाली आले. तथापि नवे रुग्ण आढळतच आहेत. कोपराच्या आतील बाजूची तंत्रिका बोटांनी चाचपणे आणि चट्ट्यावर कापूस फिरवून संवेदना पाहणे ह्या कृती सर्व विद्यार्थ्यांनी शिकावयाच्या आहेत. हाताची शक्ती नुकतीच कमी झालेली असेल, तर योग्य उपचारांनी ती परत येऊ शकते. महिने लोटल्यावर ती आशा कमी होते.

(५) बालपक्षाघाताचा भारतातील अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला व मार्च २०१४ मध्ये देशास पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. तरीही पंधरा वर्षांखालील मुलास अकस्मात शिथिल अंगघात झाल्यास ते कळविणे व चौदा दिवसांच्या आत शौचाचे दोन नमुने पाठविणे हे डॉक्टरचे कर्तव्य आहे. नवजात अर्भकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन २०१५ मध्ये जाहीर झाले. प्रौढांत जखमेनंतर होणारा धनुर्वात मात्र संपलेला नाही.

(६) मेंदूतील रक्तवाहिनी तुंबून होणाऱ्या अंगघातात गुठळी विरघळविणारे औषध १९९५ पासून उपयुक्त ठरले. पुढे त्याची मुदत साडेचार तासांपर्यंत वाढविण्यात आली. त्यापूर्वी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नसल्याची खात्री करावी लागते. म्हणून रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला, हा वृत्तांतातील पहिला प्रश्न होय. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. परंतु ‘वारं गेलं’ म्हणून तेल चोळण्यात किंवा जडीबुटी देणाऱ्याकडे जाण्यात घालविलेले तास कोणतीही रुग्णवाहिका परत आणू शकत नाही.

अपस्मार व स्थलांतर : आकडी आलेल्यास कांदा किंवा चप्पल हुंगवितात. त्याने अपाय होवो न होवो, रुग्णास कुशीवर वळविणे व तोंडात काही न घालणे ही साधी कृती मागे पडते. रोगासंबंधीचा कलंक औषधोपचारांहून चिवट आहे. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने अपस्माराचे वारंवार येणारे झटके हा विवाहास बाधक घटक म्हणून नमूद होता. १९९९ च्या दुरुस्तीने तो वगळण्यात आला. कायदा बदलला, तरी मुलीचा आजार लपवून लग्न करण्याची व नंतर सासरी औषध बंद करण्याची प्रथा त्याबरोबर गेली नाही. औषध एकाएकी थांबविल्यास झटके न थांबता येत राहण्याचा धोका असतो, ही गोष्ट विद्यार्थ्याने रुग्णास व कुटुंबास समजेल अशा शब्दांत सांगावयास शिकले पाहिजे. अपत्यवयातील स्त्रीस कोणती औषधे टाळावीत, हेही त्यात येते.

बीड जिल्ह्यात ह्या प्रश्नास आणखी एक बाजू आहे. जिल्ह्यातील अनेक कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. फडाजवळच्या कोप्यांत ती जमिनीवर झोपतात. अपस्मार, क्षय व कुष्ठरोग ह्या तिन्ही रोगांचे उपचार दीर्घकाळ व अखंड चालावे लागतात. ह्या सहा महिन्यांत त्यांत खंड पडण्याचा धोका मोठा असतो. फेफरे येणाऱ्या मनुष्याच्या हाती कोयता असतो किंवा तो उसाने भरलेल्या गाडीवर बसलेला असतो. महिनाभराचे औषध लिहून ‘पुन्हा दाखवा’ म्हणणे येथे पुरेसे नाही. रुग्ण कधी निघणार व कधी परतणार हे विचारणे, त्या मुदतीचे औषध व नोंदीचा कागद देणे आणि मुक्कामाजवळच्या आरोग्य केंद्राची माहिती सांगणे हा ह्या जिल्ह्यात तंत्रिका वैद्यकाच्या उपचाराचाच भाग ठरतो.

अभ्यासक्रमातील बदल : पूर्वी मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न असलेले अंबाजोगाईचे महाविद्यालय नासिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या (स्थापना १९९८) कक्षेत आले. भारतीय आयुर्विज्ञान परिषदेने १९९७ मध्ये पदवी अभ्यासक्रमाचे नियम सुधारले आणि २०१९ च्या प्रवेशापासून क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला. विद्यार्थ्यास काय माहीत आहे, यापेक्षा त्यास काय करता येते, यावर त्यात भर आहे. डोकेदुखी, मेंदूतील रक्तवाहिन्यांचे आघात, हालचालींचे विकार, सर्पदंश व विषबाधा यांना सामान्य वैद्यकात स्वतंत्र स्थान मिळाले. ह्या सुधारणेने पाळीचा कालावधी वाढला नाही. तिच्या अखेरीस काय तपासावे, हे मात्र अधिक स्पष्ट झाले.

मूल्यमापन : प्रतिमादर्शनाच्या प्रसारामुळे रुग्णशय्येजवळील परीक्षेचे महत्त्व उरले नाही, असे मत अधूनमधून मांडले जाते. सीटी स्कॅन मण्यारीचा दंश दाखवीत नाही, अपस्माराच्या बहुसंख्य झटक्यांचे वर्णन करीत नाही आणि कुष्ठरोगाने जाडावलेली तंत्रिका शोधीत नाही. शिवाय कोणत्या रुग्णास आणि किती तातडीने दूरच्या शहरी पाठवावयाचे, हा निर्णय प्रतिमेच्या आधी घ्यावा लागतो व तो बहुधा नवशिक्या डॉक्टरलाच घ्यावा लागतो. मूळचे जालना जिल्ह्यातील हिंमतराव बावस्कर यांनी कोकणात महाडच्या परिसरात शासकीय सेवेत असताना लाल विंचवाच्या दंशाने स्वायत्त तंत्रिका तंत्र कसे क्षुब्ध होते व हृदयावर त्याचा काय परिणाम होतो, याची रुग्णांजवळ बसून नोंद केली. ती १९८२ मध्ये लॅन्सेट ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली आणि पुढे प्राझोसीन ह्या औषधाच्या वापराने असे मृत्यू पुष्कळ कमी झाले. काळजीपूर्वक निरीक्षण करण्याची सवय लागलेला डॉक्टर साधनांची वाण असलेल्या ठिकाणीही शास्त्रात भर घालू शकतो, याचे हे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण होय.

पदवीपूर्व विद्यार्थ्याने तंत्रिकारोगतज्ञ व्हावे, अशी अपेक्षा कोणत्याही समितीने केलेली नाही. उपचाराने बरे होणारे, पण उशीर झाल्यास मारणारे किंवा पांगळे करणारे मोजके विकार त्याने चुकविता कामा नयेत, विकृतीचे स्थान त्यास ठरविता यावे आणि रुग्णास कधी व कोठे पाठवावयाचे हे कळावे, एवढीच ही अपेक्षा आहे. मोठ्या शहरात एकाच्या हातून निसटलेले निदान दुसऱ्याच्या हाती लागण्याची शक्यता असते. बीड जिल्ह्यातील दूरच्या वाडीवरून बैलगाडीने किंवा जीपने आणलेल्या रुग्णाच्या बाबतीत दुसरा वैद्य पुष्कळदा उपलब्ध नसतो, म्हणून तेथील महाविद्यालयात ह्या अपेक्षेचे मोल अधिक आहे.